कॅबिनेट बदलायचंय? आधी मिसळणाचा डबा रिकामा करा

कॉम्प्युटर झकास चालतोय, फक्त वरचा डबा गेलाय, अशी वेळ बऱ्याच घरांत येते. माझ्या मामेभावाचं तेच झालं. कोल्हापुरात शाहूपुरीत तळमजल्याला घर, कॅबिनेट वर्षानुवर्षं फरशीवर, पावसाळ्यात भिंतींना ओल. तळाचा पत्रा एवढा गंजला होता की उचलताना एक रबरी पाय फरशीलाच चिकटून राहिला. पॉवरचं बटण आत गेलेलं, ते तो टूथब्रशच्या मागच्या टोकानं दाबायचा. आतला मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम मात्र ठणठणीत. दुकानात विचारलं तर "ठेवून जावा, आठ दिवसांनी फोन करा" असं उत्तर मिळालं. शेवटी एका रविवारी तो गाडीवरनं ते धूड घेऊन माझ्याकडं शिवाजी पेठेत आला आणि आम्ही सोप्यातच पसारा मांडला.

पहिल्यांदा करणाऱ्यानं या कामाला अख्खी दुपार धरावी. भीती वाटते ती प्रोसेसर मोडेल, रॅम जळेल याची, पण ते सहसा होत नाही. घोळ होतो तो तीन ठिकाणी: बोर्डाखालचे पितळी स्टँडऑफ (बोर्ड पत्र्यापासून उचलून धरणारे बारके खांब), प्रोसेसरला वीज देणारी वायर, आणि पॉवर बटणाच्या बारक्या पिना. त्यामुळं खाली या तिघांवर जास्त लिहिलंय, बाकीचं भराभर.

घेण्याआधी टेप लावा

नवं कॅबिनेट दिसायला भारी आहे म्हणून उचलू नका. आधी जुन्याचं झाकण काढून आतला मदरबोर्ड मोजा. एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा असतो, मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त २४४ बाय २४४, आणि मिनी-आयटीएक्स १७० बाय १७०. मोठ्या कॅबिनेटमध्ये छोटा बोर्ड बसतो, उलट होत नाही. त्यानंतर ग्राफिक्स कार्डची लांबी आणि प्रोसेसरवरच्या कूलरची उंची मोजा. हे दोन्ही आकडे कॅबिनेटच्या माहितीत मिलिमीटरमध्ये दिलेले असतात. प्रोसेसरसोबत आलेला बुटका कूलर कुठंही मावतो, पण उभा टॉवर कूलर दीडशे मिलिमीटरच्या वर जातो आणि अरुंद कॅबिनेटची काच त्याला टेकते.

डीव्हीडी रायटर अजून वापरत असाल तर एक गोष्ट बघून घ्या: हल्लीच्या बहुतेक कॅबिनेटमध्ये त्याला जागाच नसते. मामेभावाला हे नवं खोकं फोडल्यावर कळलं. लग्नाच्या सीडी बघायला आता बाहेरून जोडायचा रायटर घेतलाय.

आणि तुमचा कॉम्प्युटर जोडून घेतलेला नसून एखाद्या मोठ्या कंपनीचा तयार ऑफिस डेस्कटॉप असेल, तर थांबा. अशा मशीनमध्ये बऱ्याचदा बोर्डाचा आकार, एसएमपीएसचा (म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याचा) प्लग, पुढच्या बटणाची वायर, सगळं त्या कंपनीचं स्वतःचं असतं. एसएमपीएसकडून बोर्डाला जाणारा मोठा प्लग २४ पिनांचा नसेल, किंवा बोर्डावरच्या स्क्रूच्या जागा वेगळ्याच दिसल्या, तर साधं बाजारी कॅबिनेट त्याला लागणार नाही.

मिसळणाचा डबा

हत्यार म्हणाल तर एक स्टार स्क्रूड्रायव्हर, मधल्या मापाचा, टोकाला चुंबक असलेला. सोबत एक चिमटा. सोनारकामाचा बारीक टोकाचा चिमटा मिळाला तर उत्तम, गुजरीच्या, म्हणजे सराफ बाजाराच्या गावात राहून तेवढं तरी जमवावं. चार केबल टाय, एक मऊ ब्रश, मोबाइलचा टॉर्च. बस्स.

पण खरं हत्यार म्हणजे मिसळणाचा डबा. सात वाट्यांचा, स्टीलचा. जुन्या कॅबिनेटमधून स्क्रू निघतात ते वरून सगळे सारखे दिसतात, पण तसे नसतात. एका ताटलीत ओतले की नंतर तासभर चाळत बसायचं. म्हणून एका वाटीत बाजूच्या झाकणाचे, दुसरीत एसएमपीएसचे, तिसरीत बोर्डाचे, चौथीत हार्ड डिस्कचे, पाचवीत एसएसडीचे, सहावीत ग्राफिक्स कार्डचे. सातवी वाटी "हा कुठला?" यासाठी ठेवा, ती भरतेच.

आमच्याकडं मी हळद-तिखट दुसऱ्या भांड्यांत काढत होतो तेवढ्यात आई आली. "काय घालालायस माझ्या डब्यात?" म्हटलं स्क्रू. त्यावर ती जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. तुम्ही आधी विचारा, किंवा रिकाम्या काड्यापेट्या घ्या.

स्क्रूंमधला फरक समजून घ्या, कारण तो डोळ्यांना कळत नाही, बोटांना कळतो. कॉम्प्युटरात मुख्यतः दोन तऱ्हा असतात. एक जाड आट्यांचा, ज्याला ६-३२ म्हणतात. हा इंची माप, म्हणजे एका इंचात ३२ आटे. कॅबिनेटचं झाकण, एसएमपीएस, मोठी हार्ड डिस्क, ग्राफिक्स कार्ड यांना बहुधा हाच लागतो. दुसरा एम ३, बारीक आट्यांचा, ३ मिलिमीटर जाडीचा. तो छोट्या एसएसडीला आणि डीव्हीडी रायटरला. बोर्डाला दोन्हींपैकी कुठलाही असू शकतो, स्टँडऑफवर अवलंबून. एम ३ च्या भोकात ६-३२ पिळला तर तो अडतो, आणि जोर लावला की आटे गेले. हातानं फिरत नसेल तर स्क्रू चुकलाय एवढं समजा.

हे मला उद्यमनगरात कळलं. एकदा एक स्टँडऑफ हरवला म्हणून तिथल्या एका नट-बोल्टच्या दुकानात दुसरा घेऊन गेलो. मालकांनी चष्मा कपाळावर सरकवला, स्टँडऑफ दोन बोटांत फिरवला, एम ३ चा नट लावून बघितला, मग एम ४ चा. एक गळून पडला, एक चढेना. "इंची आटे आहेत ओ हे. आमच्याकडं सगळं मिलिमीटर." उद्यमनगरात पंपाचे, इंजिनाचे भाग घडतात, पण त्या पाऊण सेंटिमीटरच्या पितळी तुकड्यासाठी शेवटी कॉम्प्युटरच्या दुकानात जाऊन जुन्या कॅबिनेटमधला मागून आणावा लागला. तेव्हापासून नव्या खोक्यातली स्क्रूची पिशवी मी सगळ्यात आधी शोधतो. बऱ्याचदा ती हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यात किंवा एसएमपीएसच्या जागेत बांधून ठेवलेली असते, आणि लोक "स्क्रू दिलेच नाहीत" म्हणून दुकानदाराशी भांडतात.

उघडण्याआधी

मदरबोर्ड आणि डिस्क त्याच राहतात, म्हणून विंडोज पुन्हा टाकायला लागत नाही. तरीही महत्त्वाच्या फाइल्स पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर घेऊन ठेवा. डिस्क हातातून पडायला एक क्षण पुरतो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधीच लिहून ठेवा. बायोसच्या (विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या प्रोग्रॅमच्या) सेटिंग बदलल्या तर सुरू होताना ती मागितली जाऊ शकते, आणि त्या वेळी ती बघायला तुमच्याकडं कॉम्प्युटर नसेल.

कॉम्प्युटर नीट शटडाउन करा. मागचं एसएमपीएसचं बटण बंद करा आणि वायर भिंतीतून काढा. नुसता भिंतीवरचा स्विच बंद करून भागवू नका. मग कॅबिनेटचं पॉवर बटण दहाएक सेकंद दाबून धरा, आत उरलेली वीज निघून जाते. एसएमपीएसचा डबा मात्र कधीच उघडायचा नाही. त्यातले कपॅसिटर वायर काढल्यावरही काही काळ भारलेले राहतात.

आता स्थिर वीज. पावसाळ्यात आपल्याकडची हवा इतकी दमट असते की हा धोका कमी होतो. थंडीत कोरड्या हवेत, स्वेटर काढताना चटचट आवाज येतो ना, तेव्हा जपावं. नायलॉनचे कपडे, गालिचा टाळा. लाकडी टेबलावर काम करा, आणि दर थोड्या वेळानं कॅबिनेटच्या रंग नसलेल्या पत्र्याला हात लावा. मनगटाला बांधायचा पट्टा असेल तर चांगलंच. मी आजवर त्याशिवायच केलंय, पण ते काही शहाणपण म्हणून सांगत नाही.

याच निमित्तानं घरातलं अर्थिंगही तपासून घ्या. चालू कॉम्प्युटरच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात? मग बहुतेक सॉकेटच्या तिसऱ्या भोकामागं वायरच नाही, किंवा ती कुठंतरी तुटलीय. आमच्या पेठेतल्या जुन्या घरांत हे नवल नाही. नवं कॅबिनेट आणल्यानं तो त्रास जाणार नाही, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

जुन्यातून काढणं

एकही वायर काढण्याआधी फोटो. चारही बाजूंनी, जवळून, टॉर्च लावून. विशेषतः बोर्डाच्या उजव्या खालच्या कोपऱ्याचे, जिथं बटणाच्या बारक्या वायरी असतात. कुठली वायर कुठल्या पिनांवर आहे ते अक्षर वाचता येईल इतक्या जवळून घ्या. दहा फोटो घेतले असं वाटलं की अजून पाच घ्या.

पहिल्यांदा ग्राफिक्स कार्ड. त्याची वीजवायर काढा, मागचे एक-दोन स्क्रू काढा, मग कार्डच्या खालच्या पट्टीच्या टोकाला असलेली प्लास्टिकची खिट्टी दाबा. ती न दाबता ओढणारे लोक बोर्डावरचा स्लॉटच उपटतात. कार्ड सरळ वर, डुलवत.

त्यानंतर वायरी. प्रत्येक मोठ्या प्लगला एक क्लिप असते, ती दाबून प्लगला धरून ओढायचं, वायरीला धरून नाही. २४ पिनांचा प्लग घट्ट बसलेला असतो. दोन्ही टोकं आलटून पालटून थोडी थोडी हलवा, निघतो. निळ्या रंगाचा जाड यूएसबी ३ चा प्लग काढताना बोर्डावरची प्लास्टिकची चौकट एका हातानं दाबून धरा, नाहीतर चौकटच प्लगाबरोबर निघून येते आणि १९ पिना उघड्या पडतात. आमची आली होती. चिमट्यानं पिना न वाकवता ती परत बसवण्यात वीस मिनिटं गेली.

आता नवखे लोक जिथं विनाकारण राबतात तो भाग. बोर्डावरून प्रोसेसर, कूलर, रॅम, एम.२ एसएसडी काढायची गरज नाही. सगळं जिथल्या तिथं ठेवून बोर्ड अख्खा उचलायचा. भरलेलं ताट उचलावं तसा. कूलर अवाढव्य असेल आणि स्क्रूपर्यंत हात पोचत नसेल तरच काढा.

काढायचाच झाला, तर एएमडीच्या एएम ४ सॉकेटवाल्यांनी सांभाळून. त्या सॉकेटमध्ये प्रोसेसरवर झाकण नसतं, आणि प्रोसेसर आणि कूलरच्या मधली, उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट वाळून गोंदासारखी झालेली असते. सरळ वर ओढलं की कूलरला चिकटून प्रोसेसर पिनांसकट बाहेर येतो. त्यासाठी शटडाउन करण्याआधी दहा मिनिटं कॉम्प्युटर चालवून पेस्ट कोमट करा, मग कूलर डावी-उजवीकडं हलकेच पिळत सोडवा. इंटेलमध्ये आणि नव्या एएम ५ मध्ये प्रोसेसर लोखंडी चौकटीखाली दाबलेला असतो, तिथं ही भीती नाही. कूलर एकदा निघाला की जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायची आणि नवी, वाटाण्याएवढी, मधोमध टाकायची. बोटानं पसरवू नका, कूलर दाबला की ती आपोआप पसरते.

बोर्डाचे स्क्रू काढा आणि मोजा. एटीएक्सला बहुधा ९, मायक्रो-एटीएक्सला ८ किंवा ६. सगळे काढूनही बोर्ड हलत नसेल तर कूलरच्या सावलीत एक राहिलेला असतो. बोर्ड आधी किंचित पुढं सरकवून मागच्या पत्र्यातून पोर्ट सोडवायचे, मग वर. खाली ठेवताना पुठ्ठ्यावर.

मागचा तो आयताकृती पत्रा, ज्यातून यूएसबी आणि लॅनचे पोर्ट बाहेर डोकावतात, त्याला आयओ शील्ड म्हणतात. तो बोर्डाचा असतो, कॅबिनेटचा नाही. बाहेरून आत दाबून काढा आणि जपून ठेवा. कडा धारदार असतात, माझ्या अंगठ्यावर अजून खूण आहे. काही नव्या बोर्डांना तो कायमचाच जोडलेला असतो.

धूळ

बोर्ड हातात आलाय तर साफ करून घ्या. मऊ ब्रश, आणि घरात फुंकणी मशीन म्हणजे ब्लोअर असेल तर तो. पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, वाऱ्यानं ती भन्नाट फिरली तर बेअरिंग खराब होतं. पंक्चरवाल्याकडं नेऊन हवा मारायचा मोह टाळा. त्या कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठतं, कधी तेलही, आणि ते सगळं बोर्डावर उडतं. मामेभावाच्या कूलरमधून धुळीची एवढी नमद्यासारखी चकती निघाली की त्यानं ती फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकली.

बोर्डावरची गोल बॅटरी, सीआर २०३२, पाचसात वर्षांची झाली असेल आणि घड्याळ मागं पडत असेल तर आत्ताच बदला. मात्र तिच्याबरोबर बायोसच्या सेटिंग मूळ पदावर येऊ शकतात, हे लक्षात असू द्या.

नव्यात बसवणं: स्टँडऑफ

नवं कॅबिनेट आडवं टाका. दोन्ही बाजूंची झाकणं काढा. काच असेल तर गादीवर ठेवा, फरशीवर उभी करू नका. पहिल्यांदा एसएमपीएस बसवा. तो तळाशी बसत असेल आणि खाली जाळी असेल तर पंखा जाळीकडं. याच वेळी एसएमपीएससुद्धा बदलत असाल आणि त्याच्या वायरी सुट्या होणाऱ्या असतील, तर जुन्याच्या वायरी नव्याला लावू नका. बोर्डाकडचं टोक सारखं असलं तरी एसएमपीएसकडच्या टोकाची जुळणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते, आणि डिस्क त्यात जळतात.

आता बोर्डाच्या मागं जाणाऱ्या पत्र्यावर बघा. त्यावर भोकं बरीच असतात, कारण तोच पत्रा सगळ्या मापांच्या बोर्डांसाठी असतो. काहींत पितळी स्टँडऑफ आधीच पिळलेले असतात. त्यांचं काम बोर्डाला पत्र्यापासून वर उचलून धरणं. बोर्डाच्या पाठीवर शेकडो झाळकामाचे ठिपके असतात, ते पत्र्याला टेकता कामा नयेत.

नियम एवढाच: बोर्डाला जिथं भोक आहे तिथं स्टँडऑफ हवा, आणि जिथं भोक नाही तिथं नको. दुसरा अर्धा भाग लोक विसरतात. मीही विसरलो होतो. काही वर्षांपूर्वी स्वतःच्या कॉम्प्युटरला मायक्रो-एटीएक्स बोर्ड बसवताना एटीएक्सच्या जागेचा एक स्टँडऑफ खाली तसाच राहिला. सगळं जोडून बटण दाबलं. पंखा अर्धी गिरकी घेऊन थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा अर्धी गिरकी. तासभर मी एसएमपीएसला शिव्या दिल्या, रॅम काढून घातली, देवाचं नाव घेतलं. शेवटी बोर्ड उचलला तेव्हा पाठीवर त्या पितळी टोकाचा गोल ओरखडा दिसला. एसएमपीएसनं शॉर्ट ओळखून स्वतःला बंद करून घेतलं होतं म्हणून बोर्ड वाचला.

म्हणून असं करा. बोर्ड पत्र्यावर हलकेच धरून भोकं जुळवा, कुठं कुठं स्टँडऑफ लागणार ते मार्करनं पत्र्यावर खूण करा, बोर्ड बाजूला ठेवा. हवे ते लावा, जादाचे काढा. मग मोठ्यानं मोजा: बोर्डाला आठ भोकं, पत्र्यावर आठ स्टँडऑफ. काही कॅबिनेटमध्ये मधल्या स्टँडऑफला वर बारीक खुंटी असते. ती बोर्ड जागेवर अडकवण्यासाठी, तिथं स्क्रू लागत नाही.

बोर्ड ठेवण्याआधी दोन कामं. आयओ शील्ड मागच्या खिडकीत आतून दाबून बसवा, चारही कोपऱ्यांवर टक् असा आवाज यायला हवा. नऊ स्क्रू पिळून झाल्यावर तो टेबलावर दिसला की माणूस काही बोलत नाही, नुसता बसून राहतो. दुसरं, प्रोसेसरची वीजवायर, चार-चारच्या दोन तुकड्यांची ८ पिनांची, कॅबिनेटच्या डाव्या वरच्या कोपऱ्यातल्या भोकातून आधीच ओढून बाहेर काढून ठेवा. बोर्ड आणि कूलर बसल्यावर त्या कोपऱ्यात बोट जात नाही, वायर तर लांबच.

मग बोर्ड तिरका धरून पोर्ट खिडकीत घाला आणि खाली टेकवा. मागून बघा: शील्डचा एखादा पत्र्याचा काटा लॅनच्या किंवा यूएसबीच्या पोर्टमध्ये घुसलाय का? घुसला तर आत्ताच काढा. सगळे स्क्रू आधी सैल लावा, मग एकाआड एक समोरासमोरचे आवळा. दोन बोटांच्या जोरानं जेवढं होईल तेवढंच. हा ट्रॅक्टरचा नट नव्हे.

वायरी आणि त्या बारक्या पिना

२४ पिनांचा प्लग क्लिपचा टक् आवाज येईपर्यंत दाबा. प्रोसेसरचा ८ पिनांचा वर डावीकडं. इथं गंमत अशी की ग्राफिक्स कार्डाचा प्लगही ८ पिनांचाच असतो, पण तो सहा आणि दोन असा तुटतो, प्रोसेसरचा चार-चार. वायरीवर बहुधा सीपीयू आणि पीसीआयई असं छापलेलं असतं. खाचा वेगळ्या असल्यामुळं एक दुसऱ्यात सहज जात नाही, आणि जात नसेल तर घुसवायचा नाही.

आता बटणाच्या वायरी. बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात दोन रांगांत ९ पिना असतात, एक कोपरा रिकामा. बहुतेक बोर्डांवर मांडणी अशी असते: चार पिनांच्या रांगेत पहिल्या दोन पॉवरच्या दिव्याच्या, आणि रिकाम्या कोपऱ्याकडच्या दोन पॉवर बटणाच्या. पाच पिनांच्या रांगेत पहिल्या दोन हार्ड डिस्कच्या दिव्याच्या, पुढच्या दोन रीसेटच्या, शेवटची कशाचीच नाही. तरी बोर्डावरची बारीक अक्षरं किंवा पुस्तिका बघूनच लावा. बटणांच्या वायरीला उलटंसुलटं नसतं. दिव्यांना असतं, पण उलटा लागला तर दिवा पेटत नाही, एवढंच, काही जळत नाही. चष्मेवाल्यांनी इथं चिमटा वापरावा.

यूएसबी २ आणि पुढच्या ऑडिओचे प्लग एकसारखे दिसतात. फरक रिकाम्या जागेचा: यूएसबीला कोपऱ्यातली पिन नसते, ऑडिओला शेवटून दुसरी. निळा यूएसबी ३ सरळ दाबा, तिरका नाही, पिना लगेच वाकतात. नव्या कॅबिनेटच्या पंख्यांना रंगीत दिवे असतील तर त्यांचा प्लग नीट बघा. ३ पिनांचा ५ व्होल्टचा, ४ पिनांचा १२ व्होल्टचा. ५ चा दिवा १२ वर लावला की तो जातो.

पंखे: पुढून हवा आत, मागून आणि वरून बाहेर. पंख्याच्या ज्या बाजूला आडव्या पट्ट्यांची चौकट असते, तिकडून हवा बाहेर पडते. खात्री करायची असेल तर सगळं झाल्यावर चालू कॅबिनेटसमोर उदबत्ती धरा. धूर पुढच्या जाळीत खेचला गेला पाहिजे.

ग्राफिक्स कार्ड सगळ्यात शेवटी, खिट्टी टक् वाजेपर्यंत. एसएसडी, हार्ड डिस्क यांना डेटाची आणि विजेची अशा दोन दोन वायरी लावा. वायरी मागच्या बाजूनं फिरवून टायनं बांधा, पण अजून आवळून टोकं कापू नका.

पहिलं बटण

झाकण उघडंच ठेवा. फक्त कीबोर्ड, मॉनिटर आणि वीज. मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डाला लावा, बोर्डाच्या पोर्टला नाही; "डिस्प्ले येईना" म्हणून येणाऱ्या फोनपैकी बरेच इथंच मिटतात. एसएमपीएसचं मागचं बटण चालू. मग पॉवर.

काहीच हललं नाही, तर आधी बटणाच्या वायरीवर संशय घ्या. ती काढून पॉवरच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक एक क्षण टेकवा. त्यानं सुरू झालं तर बोर्ड ठीक, वायर चुकलीय. पंखे फिरतात पण पडदा काळा, तर ८ पिनांची वायर बघा, मग रॅम काढून पुन्हा दोन्ही बाजूंनी टक् होईपर्यंत दाबा, मग कार्ड. बऱ्याच बोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशा नावांचे चार बारीक दिवे असतात. जो पेटून राहील तिथं अडलंय. पंखा अर्धी गिरकी घेऊन थांबला, तर वरची माझी गोष्ट पुन्हा वाचा.

बायोसमध्ये जाऊन सगळ्या डिस्क दिसतात का आणि प्रोसेसरचं तापमान भराभर चढत नाही ना ते पाहा. विंडोज आल्यावर पुढच्या यूएसबीत पेन ड्राइव्ह, पुढच्या भोकात हेडफोन लावून बघा. सगळं जमलं की बंद करून वायर काढा, टाय आवळा, झाकणं लावा. मामेभावाचं सातच्या सुमाराला सुरू झालं. त्यानं नवं बटण उगाचच चारपाच वेळा दाबलं, टूथब्रशशिवाय.

नवं कॅबिनेट फरशीवर ठेवू नका, वीतभर उंच पाट किंवा स्टँड तरी द्या. शाहूपुरीच्या सखल भागात राहणाऱ्यांना २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर हे सांगायला नको. जुनं कॅबिनेट भंगारवाल्याला देण्याआधी त्यातले पंखे, स्क्रू, मागच्या खिडक्यांच्या पट्ट्या आणि बोर्डाला टिकटिक वाजवणारा बारका स्पीकर काढून घ्या. उरलेले स्क्रू प्लास्टिकच्या पिशवीत घालून नव्या कॅबिनेटमध्येच हार्ड डिस्कच्या पिंजऱ्याला बांधा. आणि मिसळणाचा डबा साबणानं धुऊन, कोरडा पुसून, सातही वाट्या उपड्या करून बघून मगच परत द्या. आमच्या मोहरीत एक एम ३ राहिला होता.